कुमुदताईंचा उंदीर

कुमुदताई गेल्या ही बातमी शाळेच्या शिपायाने स्टाफरूमच्या दारातूनच दिली आणि पाठोपाठ म्हणाला, "शनिवारी शोकसभा हाय. अध्यक्षसाहेब स्वतः बोलणार." रडू यायच्या आधी मला शिसारी आली. आता महिना होईल, ती अजून गेलेली नाही.

भिवंडीतल्या आमच्या शाळेत ताई मराठी शिकवायच्या, मी भूगोल. ऐंशीच्या सुमारास मी नोकरीला लागले तेव्हा कामतघरला आमच्या खोल्या शेजारी-शेजारी होत्या. शाळेत जायचं ते कापडाच्या लूमच्या खडखडाटातून, ओरडून बोलत. गाइडमध्ये कथेखाली 'दिवा म्हणजे आशा, वादळ म्हणजे संकट' असं छापलेलं असायचं आणि मुली ते घोकायच्या. ताईंना त्याचा मनस्वी तिटकारा. "अगं, आधी दिव्यात तेल आहे का बघा. त्याचा चटका बसू दे. मग तो आणखी काय व्हायचा ते होईल," असं त्या वर्गात सांगत. रूपककथा आणि प्रतीक यांतला फरक मला त्यांनी असाच चालता चालता सांगितला होता. "रूपककथेत सोंग असतं. मुखवटा काढला की आतला माणूस ओळखू येतो. प्रतीकाला मुखवटा नसतो गं. वस्तू तीच असते, बघता बघता मोठी होते…"

मग शहरात दंगलीचे फार वाईट दिवस येऊन गेले. माणसं एकमेकांच्या गल्लीत जाईनाशी झाली, आणि जो तो म्हणे, घाण पलीकडे आहे. त्या वर्षी ताईंनी शाळेच्या वार्षिक अंकासाठी एक गोष्ट लिहिली. एका घरात कुजका वास येऊ लागतो. घरचे लोक शेजाऱ्याला शिव्या घालतात, मध्ये भिंत बांधतात, खिडक्या बंद करतात. वास वाढतच जातो. मेलेला उंदीर असतो त्यांच्याच झोपाळ्याखाली, आणि ते त्याच झोपाळ्यावर बसून शेजाऱ्याला दूषणं देत असतात. बस, एवढीच गोष्ट.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष वडपे गावाकडचे मोठे जमीनदार. त्यांच्या बंगल्यात पितळी कड्यांचा झोपाळा होता. त्यांनी ताईंना ऑफिसात बोलावलं, सोबत म्हणून मी गेले.

"बाई, ह्यो उंदीर म्हणजे कोण?"

"उंदीर म्हणजे उंदीर."

"आन् झोपाळा? आख्ख्या गावाला ठावं हाय झोपाळा कोणाकडं हाय. माफी मागा."

ताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मी तुमचा झोपाळा पाहिलेलासुद्धा नाही. पण तुम्हाला वास आला, म्हणजे गोष्ट बरी उतरली असावी."

त्यांनी माफी मागितली नाही. अंकाचे गठ्ठे रद्दीत गेले आणि ताईंचे मराठीचे तास काढून त्यांना पाचवीच्या मुलींना शिवणकाम शिकवायला बसवलं. निवृत्त होईपर्यंत. ज्या बाईने आयुष्यभर मुलींना गोष्ट वाचायला शिकवलं, ती रुमालांना टीप घालत बसली आणि आम्ही सगळे रोज तिच्यासमोर डबे उघडून जेवत राहिलो.

शोकसभेत फोटोला जाडजूड हार होता. अध्यक्ष म्हणाले, "बाईंची उंदराची गोष्ट म्हणजे आपल्या शाळेचं भूषण! उंदीर म्हणजे अस्वच्छता, झोपाळा म्हणजे आपली संस्कृती. स्वच्छतेचा केवढा मोठा संदेश!"

मी उठून उभी राहिले. "साहेब, तेव्हा तो झोपाळा म्हणजे तुमचाच, असं तुमचं म्हणणं होतं. त्यापायी ताईंचे तास गेले."

ते हसले. हात जोडून म्हणाले, "तवा आम्हाला साहित्य कुठं कळत हुतं, बाई!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मग चहा आला, सोबत वेफर्स आले. मी न पिताच निघाले.

गेल्या आठवड्यात दहावीच्या ऑफ तासाला मी भूगोल बाजूला ठेवला आणि ताईंची गोष्ट मुलींना तोंडी सांगितली, आठवली तशी. गोष्ट संपली की ताई कुणालाही अर्थ विचारत नसत. मीही विचारला नाही. बाहेर लूम चालू होते. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"बाई, आमच्या घरी झोपाळा न्हाय," ती म्हणाली. "पन वास येतो."