दोरावरच्या ताई

आमच्या ह्यांना फोटोग्राफर म्हणायचं की पहाटे उठणारा वैतागलेला माणूस, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठरवता आलेलं नाही. दिवसभर स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढायचे, "हनुवटी खाली, डोळे उघडे" म्हणून म्हणून घसा कोरडा करायचा, आणि सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत कॅमेरा खांद्याला अडकवून समुद्रावर. हौस म्हणावी, तर तोंडावर हौसेचा मागमूस नसायचा. जायचे ते ताईंसाठी.

ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. आईमागे ह्यांना वाढवलं ते त्यांनीच. पहाटे मासेमारीच्या होड्या परतायला लागल्या की ताई गुडघाभर पाण्यात उतरायच्या, होडीवरून फेकलेला दोर झेलायच्या आणि काठावरच्या खुंटाला नेऊन बांधायच्या. फोटोचं नाव काढलं की तोंड वाकडं. "मला नटवून खुर्चीत बसवू नकोस. काढायचा तर कामावर असताना काढ," असं एकदा म्हणाल्या आणि ह्यांनी ते मनावर घेतलं.

मनावर घेतलं खरं, पण फोटो काही येईना. कॅमेरा मुक्कामाला स्टुडिओतल्या एसीत, कारण यंत्राला थंडावा मानवतो, असं ह्यांचं ठाम मत. तिथून उचलून थेट दमट वाऱ्यात नेला की लेन्सवर बाष्प धरायचं. हे सदऱ्याच्या टोकानं पुसायचे, ते पुन्हा धरायचं. पुसापुशी संपेपर्यंत होड्या लागून मासळीचा लिलावही सुरू झालेला. कधी काच लवकर निवळलीच, तर उजेडाची बोंब. फ्लॅशला मनाई, कारण नावाडी काठावरच्या एकाच दिव्यावर नजर ठेवून होडी आत घेतात. डोळे दिपले तर होडी खडकावर जायची. मग शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, आणि ताई कसल्या तेवढा वेळ एका जागी राहतायत! फोटोत होडी दिसायची, दोर दिसायचा, ताईंच्या जागी नुसता धूर.

यंदा ताईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी पाण्यात उतरायचं नाही म्हणून बजावलं. "शनिवारी शेवटचं," ताई म्हणाल्या, इतक्या सहज की जणू डबा घासायचा राहिलाय. ह्यांचा मात्र चेहरा पडला. आता नाही तर कधीच नाही.

शुक्रवारी मी सरळ सांगितलं, "अहो, तुमच्या थंडगार स्टुडिओतून बाहेर आलं की माझ्या चष्म्यावरही असंच धरतं. कॅमेरा आज घरी आणा. पिशवीत घट्ट बांधून मागच्या गॅलरीत ठेवा. बाहेरची हवा त्याच्या अंगवळणी पडू दे."

"आणि चोरानं नेला तर?"

"तर मी सुटले."

आणला एकदाचा, कुरकुरत.

शनिवारी मीही बरोबर गेले, बॅटरी धरायला. आठवडाभराचं काम अंगात भरलेलं, उभं राहायचं त्राण नव्हतं. ह्यांनी पिशवी सोडली. लेन्स लख्ख. तिपाईचे पाय ओल्या वाळूत खोल रोवले, बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून लांब वायर जोडली, आणि आभाळाची कड जराशी फटफटायची वाट बघत राहिले.

पहिली होडी आली. ताईंनी दोर झेलला. ह्यांनी बटण दाबलं. मागच्या पडद्यावर फोटो उमटला आणि हे ओरडलेच, "आला! अगं, आला! केस न् केस दिसतोय बघ!"

खरंच दिसत होता. ओठ घट्ट मिटलेले, दोर मुठीत, नजर होडीवर.

"आज कशी शहाण्यासारखी उभी राहिली ताई," म्हणत ह्यांनी दुसरा काढला. तोही तसाच. मग आणखी एक. हे पडद्यात पार बुडालेले. मी नजर वर करून पाण्याकडे पाहिलं. होडीवरचा नावाडी हाका मारत होता, "ताई, दोर न्या की खुंटाकडे!" लाट येऊन गेली, तिच्यामागून दुसरी आली, ताई तिथेच. त्या फोटोसाठी उभ्या नव्हत्या. त्यांना पाऊलच उचलत नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "ताईंना हलता येत नाहीये."

हे क्षणभर पडद्याकडेच बघत राहिले. मग कॅमेरा तसाच सोडून बुटांसकट पाण्यात धावले. एका हातानं दोर घेतला, दुसऱ्यानं ताईंना कमरेत धरलं. मी वाळूत बसले. रडू आलं. ती बाई हलते म्हणून आम्ही इतक्या पहाटा चिडचिड केली होती.

पाण्यातून ताईंचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा. "मिळाला का रे फोटो?"

"मिळाला, ताई."

"नक्की? नाहीतर थांबते अजून."

"नको. मिळाला."

"मग आता मला बाहेर ने."