डोंगर बसा म्हणाला

डोंगराला विचारल्याशिवाय सोमनाथ आम्हाला तंबूची खुंटी ठोकू द्यायचा नाही.

दर हिवाळ्यात आम्ही तिघं मित्र सापुताऱ्याला जायचो. गाडी सायखेड्याच्या प्रमोदची, द्राक्षं वाहायची पिकअप. तंबू माझा. "हाटेलात झोपायला घर काय वाईट हाय?" असं सोमनाथ म्हणायचा, म्हणून बोटिंग आणि मक्याच्या कणसांची गर्दी मागे टाकून आम्ही कड्याजवळच्या पठारावर मुक्काम करायचो. प्रमोदनं हातोडी उचलली की सोमनाथ गरजायचा, "थांब रे! दुसऱ्याच्या अंगणात बिनइचारता खुंट ठोकतो का तू?" मग कड्यापाशी जाऊन, चपला काढून तो दरीत लांबलचक हाळी द्यायचा. समोरच्या डोंगरावरून ती परत आली की वळून सांगायचा, "हां. बसा म्हणतोय."

त्याचा पाडा सुरगाण्याकडचा. तिथं निरोप या टेकडीवरून त्या टेकडीला हाळी देऊनच जायचे, आणि परक्या डोंगरावर उतरताना आधी त्याला हाक घालायची ही त्याच्या आजोबांची शिकवण. सातपूरच्या कारखान्यात तो आणि मी एकाच शेडमध्ये. प्रेस मशीन धडधडत असताना सगळे हातवारे करून बोलायचे. सोमनाथ तोंडानं बोलायचा, आणि ते पार शेवटच्या मशीनवर ऐकू जायचं.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. दारावरच्या पाटीवर नावापुढे बी.ए. लिहिलंय, आणि अभिमानानं लिहिलंय. एकदा मी त्याला समजावलं, "सोमा, तो प्रतिध्वनी असतो."

"नाव काय बी ठेव," तो म्हणाला. "उत्तर देतो ना?"

मग त्याचा आवाज बसत गेला. घशात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी त्यानंच प्रमोदला फोन केला, "गाडी काढ."

वणी ओलांडली तरी कोणी बोलत नव्हतं. शेवटी सोमनाथच घोगरा हसला, "मयताला निघाले का रे?" पठारावर पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. त्यानं चपला काढल्या, हाळी दिली. ती फाटकी निघाली आणि दरीतच विरली. समोरचा डोंगर गप्प.

"आज रेंज नसंल त्याला," प्रमोद म्हणाला, पण त्याचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "राहू दे सोमा, घसा दुखेल."

"दुखू दे. जायचाच हाय तो."

त्यानं पाय रोवले. पोट आत गेलं, मानेच्या शिरा तटतटल्या, आणि जे निघालं त्यानं माझ्या अंगावर काटा आला. दूर फोटो काढणारे लोकसुद्धा थबकले. क्षणभर काहीच नाही. मग समोरच्या डोंगरानं ते परत दिलं, त्याच्यामागच्यानं दिलं, आणि अगदी धूसर दिसणाऱ्या रांगेतूनही काहीतरी आलं. मला त्या क्षणी 'प्रतिध्वनी' हा शब्द आठवलासुद्धा नाही. मी नकळत चपला काढल्या होत्या.

सोमनाथ वळला. ओठ हलले, आवाज फुटला नाही. प्रमोदनंच त्याचं वाक्य पुरं केलं, "बसा म्हणतोय."

ऑपरेशन नीट झालं. सोमनाथ वाचला, पण आवाज गेला. नोकरी सोडून तो पाड्यावर राहायला गेला.

गेल्या हिवाळ्यात त्याला वाटेत घेऊन आम्ही पुन्हा सापुताऱ्याला गेलो. प्रमोदनं हातोडी उचलली. सोमनाथनं त्याचं मनगट धरलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मी कड्यापाशी गेलो, चपला काढल्या, ओरडलो. माझी हाक दरीत चार हातही गेली नसेल. सोमनाथ मागून आला. गळ्याला हात लावून त्यानं मान हलवली, 'इथून नाही.' मग तळवा माझ्या पोटावर ठेवून घट्ट दाबला.

मी पुन्हा हाळी दिली. डोंगर बोलला.

सोमनाथ प्रमोदकडे वळला आणि त्यानं हातानंच खूण केली, ठोक.