रांगेतली जागा

आमच्या आत्याला कुठेही उभं केलं की तिच्यामागे आपोआप रांग लागते, असं आतोबा म्हणायचे. औषधांच्या दुकानात कुणी बाजूने हात पुढे घातला की आत्या त्या हाताकडे बघून म्हणायची, "या हाताला मालक असेल ना? त्याला माझ्यामागे उभं राहायला सांगा." तेवढ्यात आतोबा दुकानाबाहेर पोहोचलेले असायचे, ही बाई आपली कुणी नाही अशा चेहऱ्याने.

दोघांचा धंदा घरोघर इंटरनेट जोडून देण्याचा. चार-पाच गल्ल्या, एक बाजार आणि एक दवाखाना. आतोबा शिडी लावून खांबावर चढायचे, वायर ओढायचे. आत्या तळमजल्यावरच्या खोलीत यंत्रांच्या कपाटासमोर बसून बाकीचं सांभाळायची. त्या खोलीत पंखे सतत घोंघावत असल्याने दोघांनाही ओरडून बोलायची सवय लागली होती. आत भांडण चाललंय की चहाची चौकशी, हे बाहेरच्याला कळायचं नाही.

धंद्याची नोंदणी एकट्या आतोबांच्या नावावर होती. नोंदणीच्या दिवशी आत्याला ताप होता म्हणून ते एकटे जाऊन सही करून आले, इतकंच त्याचं कारण. तुझंही नाव पुढे घालू, असं ठरलं आणि राहून गेलं.

आता पत्त्यांचं थोडं सांगायला हवं. इंटरनेटवर येणाऱ्या प्रत्येकाला आकड्यांचा एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते मोजकेच होते, ते वाटून संपले. नव्या पद्धतीचे हवे तेवढे आहेत, पण कितीतरी जुनी यंत्रं आणि वेबसाइट त्यांना अजून ओळखत नाहीत. म्हणून आत्यासारखे लहान धंदेवाले एका जुन्या पत्त्यामागे पुष्कळ घरं बसवतात. सगळ्या बिऱ्हाडांना येण्याजाण्याला एकच दार असावं, तसं. त्यातल्या एका घरातल्या कार्ट्याने कुठे खोडी काढली आणि समोरच्याने तो पत्ता बंद केला, की सगळ्यांच्याच तोंडावर दार आपटतं.

दवाखान्याचं तेच झालं. कुणा तिसऱ्याच्याच उद्योगामुळे रोग्यांचे तपासणी अहवाल दुपारभर अडकले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त वाईट होतं. "आम्हाला आमचा स्वतंत्र पत्ता द्या," त्या म्हणाल्या. "नाहीतर मोठ्या कंपनीकडे जावं लागेल. माझा नाइलाज आहे." दवाखाना गेला तर निम्मा धंदा गेल्यासारखा होता.

स्वतःचे पत्ते मिळायची सरळ वाट एकच, पत्ते वाटणाऱ्या संस्थेची रांग. कुणी धंदा बंद केला की त्याचे पत्ते संस्थेकडे परत जातात. आधीच्या मालकाने केलेली बदनामी लोकांनी विसरावी म्हणून संस्था ते काही महिने तसेच पडू देते. मग रांगेत जो पुढे असेल त्याला एक लहान गठ्ठा. रांग मुंगीच्या पावलांनी सरकते.

या रांगेत आत्या-आतोबांच्या लगेच मागे परगावचा एक जण होता. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर इंटरनेट. सगळे त्याला सायकलवाला म्हणत. संस्थेच्या वार्षिक सभेत चहाच्या वेळी तो आत्याला हटकायचा, "बाई, तुमची पाठ बघून बघून माझी मान धरली. सरका की पुढे."

पण पुढे सरकणार कसं? एका बड्या कंपनीने युक्ती काढली होती. रांगेत वर असलेले लहान धंदे ती विकत घ्यायची. तिला ना त्यांच्या वायरी हव्या होत्या, ना गिऱ्हाइकं. हवी होती ती फक्त रांगेतली जागा. तेव्हा सभेत आत्या उठली आणि तिने नियम मांडला: धंद्याचा मालक बदलला की रांगेतली जागा रद्द. नव्या मालकाने शेवटी जाऊन उभं राहायचं.

मागून कुणीतरी विचारलं, "आणि मालकच वारला तर? बायकापोरांना तरी जागा मिळू दे."

"तेवढी फट ठेवलीत तर उद्या कंपनीच रांगेतल्या प्रत्येकाची वारस निघेल," आत्या म्हणाली. "मेलेला माणूस रांगेत उभा राहत नाही."

सभागृह हसलं. सगळ्यात मोठ्याने आतोबा हसले. नियम मंजूर झाला.

परत येताना ते म्हणाले, "म्हणजे माझी मरायचीही सोय ठेवली नाहीस."

"पत्ते मिळेपर्यंत थांबा," आत्या म्हणाली. "मग तुम्ही मोकळे."

आतोबा थांबले नाहीत. बाजारातल्या खांबावरून खाली उतरले, छातीत भरून आल्यासारखं वाटतंय म्हणाले आणि वायरच्या गुंडाळीवर टेकले. तिथून त्यांना उचलूनच न्यावं लागलं.

घरातली माणसं अजून पांगलीही नव्हती तेव्हा संस्थेचा निरोप आला. आतोबांच्याच नावाने. तुमचा क्रमांक आला आहे, मालकी पूर्वीचीच असल्याचं कळवा, पत्ते देतो.

तो वाचून आत्याचा दीर तिच्यासमोर येऊन बसला. आतोबांचा हा धाकटा भाऊ गिऱ्हाइकांची वसुली बघायचा.

"वहिनी, नुसतं 'होय' म्हणायचंय. दादाच्या नावाने मी म्हणतो."

"हे नाहीत आता."

"हे तुम्हाला माहीत, मला माहीत. पत्ते हातात पडू देत, मग सावकाश कळवू. दादा जिवंत असताना धरलेली जागा आहे ही. कुणाचं काय जातंय?"

"मागच्याचं."

"त्याला कळणार तरी आहे का?"

"त्याला नाही कळणार. पण मागे कोण आहे ते मला माहीत आहे ना."

दीर उठला. "मग कळवा. दादाने उन्हात खांब चढून जे उभं केलं, ते सभेतल्या एका वाक्यासाठी आडवं करा. लोक टाळ्या वाजवतील तुम्हाला."

आत्याने लगेच काही कळवलं नाही. ती त्या घोंघावणाऱ्या खोलीत जाऊन बसायची, उठून झाडू मारायची, परत बसायची. नंतर ती मला म्हणाली, "मी 'होय'वर बोट नेलं होतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. दर वेळी यांचं सभेतलं हसणं ऐकू यायचं. दुसऱ्या कुणाचं आलं असतं तर दाबलं असतं मी."

शेवटी तिने दोन ओळी लिहिल्या. मालक वारले, जागा रद्द करावी. संस्थेचं उत्तर आलं. दुःखात सहभागी असल्याचं आणि जागा रद्द केल्याचं त्यांनी एकाच वाक्यात उरकलं होतं.

काही दिवसांनी सायकलवाल्याचा फोन आला. मी शेजारीच होते. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"बाई, आमचा नंबर लागला. तुमचा तर आधीच लागला असणार. बोलला नाहीत. आम्ही काय जेवायला आलो असतो?"

"अभिनंदन," आत्या म्हणाली.

"साहेबांना सांगा, आपण दोघं सुटलो एकदाचे. आहेत का? द्या ना."

आत्याने भिंतीला टेकवलेल्या शिडीकडे पाहिलं. "बाहेर गेलेत," ती म्हणाली. "सांगते."

फोन ठेवून तिने यंत्रांच्या कपाटावरची धूळ पुसली. सकाळीच पुसली होती.

दवाखाना गेला. मोठ्या कंपनीची वायर त्याच खांबावरून येणार होती, म्हणून आपली काढून घ्यायची होती. दीर तोवर बोलायचा बंद झाला होता. आत्या आयुष्यात प्रथमच शिडी चढली आणि मी खालून शिडी धरली. प्रत्येक जोडावर आतोबांनी पिवळी पट्टी गुंडाळली होती, इतकी घट्ट की ती कापावी लागली. वर काही ओरडायची गरज नव्हती, तरी ती सवयीने मोठ्याने म्हणाली, "किती गुंडाळायचं माणसाने." मग खांबाला धरून बराच वेळ तशीच उभी राहिली.

धंदा तिने स्वतःच्या नावावर करून घेतला आणि रांगेसाठी नव्याने अर्ज केला. उरलेल्या गल्ल्या ती चालवते. एखादं घर मधूनच तुटतं, ते परत जोडलं जात नाही.

परवा मी विचारलं, "पुढे किती जण आहेत गं?"

"पुढचे मी बघतच नाही," ती पंख्यांच्या आवाजावरून म्हणाली. "मागे कुणी आलं का, तेवढं बघते अधूनमधून."

"आलं का?"

"अजून नाही."