येऊन राहिलो

एकाहत्तरच्या लढाईत आमची कंपनी पश्चिम सीमेवर एका कोरड्या नाल्याच्या अलीकडे होती. काम ठरलेलं. पहाटे हत्यार घेऊन स्टँड-टू, दिवसा खंदक, अधूनमधून पेट्रोल म्हणजे गस्त. वायरलेसवर मराठीतच बोलायचं असा हुकूम होता, शत्रूला कळू नये म्हणून. आपल्याच माणसाला कळणार नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्या सकाळी दाट धुकं होतं. आम्ही पाच जण नाल्यापलीकडे पेट्रोलला गेलो. कमांडर लान्स नायक किसन, इस्लापूरचा. बौद्ध घरातला, आईला एकुलता एक. दुसरा गुंडप्पा, उदगीरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. फौजेत का आलास विचारलं की म्हणायचा, "तराजूचा कंटाळा आला." मी हदगावचा. परतताना शत्रू मागे लागला. आम्ही नाल्यात उतरलो आणि किसनने सेट हातात घेतला.

"आम्ही नाल्यातून येऊन राहिलो. ओव्हर."

आमच्या भागात याचा अर्थ 'येतोय'. पलीकडचा ऑपरेटर साताऱ्याचा. तो समजला, येऊन पोचले आणि थांबले. पुढचं त्यानेच मला हॉस्पिटलात रडत सांगितलं. कंपनी कमांडरनी विचारलं, "सगळे आत?"

"आत, साहेब."

"मॉर्टर, फायर."

मागे लागलेल्या शत्रूसाठी मारलेले गोळे नाल्यात आमच्यावरच पडले. किसन आणि गुंडप्पा जागीच गेले. बाकीचे दोघे वाचले, माझा डावा कान गेला. मी हॉस्पिटलात असतानाच चौकशीत ठरलं की पेट्रोल कमांडरने चुकीचा संदेश दिला. मेलेला माणूस खुलासा देत नाही, त्यामुळे प्रकरण लवकर मिटलं.

फौजेतून सुटून घरी आलो तर बाहत्तरचा दुष्काळ. किसनची आई सखूबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तिथेच तिच्याशेजारी उन्हात बसून मी सगळं सांगितलं. तिने हातोडी खाली ठेवली.

"मंग बरोबरच बोलला की माझा लेक! आपण असंच बोलून राहिलो ना?"

"हाव, माय."

"उदगीरच्या त्या बाईनं निरोप धाडला, तुझ्या लेकानं माझा लेक खाल्ला म्हणून. तिला कोण सांगंल? तू लिवून ठेव, बापू."

रजेच्या अर्जापलीकडे मी काही लिहिलेलं नव्हतं. दहा वर्षं गेली. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी तिथल्या एका नव्या कचेरीत चौकीदार होतो. आत साहेबांच्या खुर्च्या यायच्या होत्या, बाहेर गेटवर बसून मी पुस्तक पुरं केलं. पुण्याच्या एका प्रकाशकाने ते घेतलं. प्रूफ आलं, त्यात किसनचं वाक्य होतं, 'आम्ही नाल्यातून येत आहोत.' माझं डोकं फिरलं. तडक पुणं गाठलं.

"काका, फक्त भाषा शुद्ध केलीय," संपादक म्हणाले.

"तो असं शुद्ध बोलला असता तर आज जिवंत असता, साहेब."

त्यांनी स्वतःच प्रुफातली दुरुस्ती खोडली. वाक्य जसंच्या तसं छापलं गेलं.

पहिली प्रत घेऊन इस्लापूरला गेलो. सखूबाईने ती उघडूच दिली नाही.

"मला नगं वाचू. मला ठावं हाय. उदगीरला जा."

उदगीरला दुकानामागच्या खोलीत गुंडप्पाच्या आईला ते पान वाचून दाखवलं. तिने ते दोनदा वाचायला लावलं.

"मंजी त्यो पोरगा बरोबरच बोलला होता?"

"बरोबरच बोलला होता, अव्वा."

"अन् मी त्याच्या मायला नाही नाही ते बोलले," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली. मलाही आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "चल, मला तिच्याकडं घेऊन चल." एसटीने आम्ही इस्लापूरला गेलो. दोघी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी बाहेर उभा राहिलो.

गुंडप्पाच्या पुण्यतिथीला उदगीरच्या घरात पूजा होते, नाव घेतलं जातं. आता दोन नावं घेतात. आधी किसनचं, मग गुंडप्पाचं.