घासही आणि कुंकूही

मालेगावच्या बाजारात मेथी-सांबार, म्हणजे मेथी-कोथिंबीर, विकणाऱ्या त्या बाईचं नाव मी आजवर विचारलेलं नाही, पण तिचे माझ्या घरावर उपकार आहेत. भाजीवर पाणी शिंपडून झालं की ती ओला हात पदराला पुसते आणि कपाळावरचं ठसठशीत कुंकू करंगळीनं चाचपून बघते.

पितृपक्षात एका सकाळी गेले, तर ती मागच्या भिंतीवर कावळ्यासाठी वरण-भाताचा घास ठेवत होती.

"कोनाचा, मावशी?"

"मालकाचा. कामाले म्हनून गेले, ते आलेच नाई."

माझी नजर तिच्या कुंकवाकडे गेली. तिला ते कळलं.

"गेले असतीन तं उपाशी राहू नाई, म्हनून घास. अन् जिते असतीन तं कुंकू कायले पुसू?"

"पन तुमाले काय वाटते?"

"सकाळी एक वाटते, संध्याकाळी दुसरं. दोन्ही माह्येच हायेत, राहू दे ना!" असं म्हणून ती मेथीच्या जुड्या रचायला लागली.

माझा भाऊही असाच घरातून गेलेला, पुढे काहीच कळलेलं नाही. बाबा म्हणत होते, यंदा त्याचा घास ठेवू. आई मात्र रोज त्याचं ताट मांडायची. दोघांचं बोलणं बंद झालं होतं, आणि दोघंही माझ्याच तोंडाकडे बघत होते.

त्या दुपारी मी बाबांबरोबर गच्चीवर घास ठेवला आणि खाली येऊन आईबरोबर भावाचं ताट मांडलं. बऱ्याच दिवसांनी आम्ही तिघं एकत्र जेवलो, त्या चौथ्या ताटाशेजारी.