कादरभाऊंचा गळका बांध

रंगभूमीवर तीस वर्षं पडदे उघडताना पाहिले, पण आषाढातल्या कामशेतच्या धुक्यासारखा पडदा कुठल्याही थिएटरात पाहिला नाही. तो हळूच बाजूला सरे, आणि एखादं झाड, एखादा बैल, पाठमोरा माणूस तेवढाच दिसे. कादर मुकादम मला पहिल्यांदा असेच दिसले. डोक्याला हिरवा रुमाल, दाढेखाली लवंग.

सन चौतीस. आमची नाटक कंपनी मोडली होती. छातीला बरं वाटावं म्हणून मी वडिवळ्याच्या वाटेवर खोली घेतली होती. समोरच्या टेकाडावर मुंबईच्या कुणा शेटजींचा बंगला उठत होता, आणि मातीकाम कादरभाऊंकडे होतं.

त्यांचे वडील बैलांवर तांदूळ लादून स्टेशनात आणत. मुलानं बैल सोडून माती ठोकायचा धुमस धरला. ऐन तारुण्यात ते धरणाच्या कामावर होते. तिथं दोन वर्षं माती ठोकली, आणि तो नाद कानात कायमचा बसला. मला म्हणायचे, "धुमस टणक वाजला पायजे. मऊ वाजला म्हंजी पानी आत शिरनार."

बंगल्याच्या पायाची लाल माती उतारावर ढीग करून पडली होती. बरोबर तिच्या खाली रतनबाईंचा राब होता. पालापाचोळा, शेण भाजून तयार केलेल्या त्या तुकड्यात त्यांची वर्षाची सगळी भाताची रोपं उभी होती. वर चिखल बसला, की रोपं गुदमरली. मग खाचरात लावायला काहीच नाही. रतनबाई एकट्या शेत करायच्या. एक दिवस त्या टेकाड चढून आल्या.

"कादरभाऊ, तुमची माती माझ्या राबात उतरली, तर मी खाचरात काय लावू? शेटजीच्या इटा?"

"चिखलाचा एक लोळ खाली येनार न्हाई, रतनबाई. जबान देतो."

दोन दिवस टेकाडावर धुमसाचा ठेका चालला. चिकणमातीचा, कंबरभर उंचीचा बांध उठला, हंड्यासारखा गुळगुळीत. खणणारा दत्तोबा म्हणाला, "मुकादम, म्हशी कवा सोडायच्या डुंबाया?" सगळे हसले, पण बांधाकडे पाहून मान डोलावली. बांध म्हणजे पाणी अडवायचा, हे भातवाल्यांना आईच्या दुधासोबत मिळालेलं. त्यात चूक आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग तीन दिवस झड लागली. तिसऱ्या सकाळी धुकं सरलं, आणि बांधामागे मला एक लाल तळं दिसलं. इतकं स्तब्ध, की त्यात ढग सावकाश चालताना दिसत होते. मी भान हरपून बघत राहिलो. कादरभाऊ मात्र बांधावर पालथा पंजा ठेवून बसले होते, आजाऱ्याचं कपाळ पाहावं तसे. बांधाला पोट आलं होतं. खाली राबाच्या कडेला रतनबाई उभ्या होत्या.

"फुटला तर समदी माती एका दमात खाली," दत्तोबा म्हणाला.

"व्हय. आन् ती मीच साठिवली," कादरभाऊ म्हणाले, आणि उठले.

आपल्या हातानं ठोकलेल्या बांधावर त्यांनी स्वतः कुदळ घातली. कडेला, जिथं कातळ होता तिथं, वीतवीत करून. पाणी कातळावरून ओहोळाला लागलं. तळं उतरल्यावर त्या खिंडीत त्यांनी सुटे दगड रचले, त्यामागे कारवीच्या मोळ्या घातल्या. फटींत भरायला पेंढा हवा होता. तो रतनबाईच डोक्यावर घेऊन आल्या.

"बैलांचा घास हाय. जपून वापरा."

पुन्हा सर आली. दगडांमधून पाणी निथळू लागलं, आधी लाल, मग चहासारखं, मग फिकं. माती मागे बसत राहिली.

"मुकादम, गळतोय की वो!"

"गळू दे. पान्याला वाट, मातीला बसकन. म्हातारपनी शिकलो, दत्तोबा, हसू नगं."

राबाचा एक कोपरा चिखलाखाली गेला. बाकीची रोपं हिरवीगार उभी राहिली.

आठ दिवसांनी रतनबाईंची लावणी निघाली. त्यांनी कादरभाऊंना बोलावणं धाडलं, पहिली मूठ त्यांनी लावायची.

"माझा कसला मान, बाई?"

"मान न्हाई, दंड हाय. तीन राती डोळ्याला डोळा न्हाई माझ्या."

पायजमा गुडघ्यावर खोचून ते खाचरात उतरले. जन्म मातीत गेला, पण भाताचं रोप कधी लावलं नव्हतं. ओळ अशी वाकडी गेली, की बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "बांध गळका, ओळ वाकडी!" दत्तोबा ओरडला. कादरभाऊ वाकलेलेच राहिले. मागे न पाहता त्यांनी दुसऱ्या मुठीसाठी हात पुढे केला, आणि रतनबाईंनी ती त्यांच्या हातात ठेवली.