थंड देशातलं दुखणं

आमची रेवाताई आगाशीच्या वाडीवाल्यांकडे दिलेली. चाफ्याच्या वेण्या करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सत्त्याण्णव साली त्याच हातांतून फुलं गळायला लागली. मग पायांत मुंग्या, डाव्या डोळ्यापुढे अंधारी. सासूबाईंनी तिला विरारच्या डॉक्टरकडे नेलं, मीही सोबत होते. ताईनं मज्जातंतूंच्या एका आजाराबद्दल कुठेसं वाचलं होतं. तिनं विचारलं, "मल्टिपल स्क्लेरॉसिस तर नसेल?" तो मेला हसला! "अहो, तो थंड देशांतला आजार. विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितके रुग्ण जास्त. आपल्याकडे एवढं ऊन, इथे कुठला? मनाचे खेळ आहेत."

झालं! सासूबाईंना तेवढंच हवं होतं. गावभर हिची 'ढोंगी सून' झाली. वर ऊन औषध म्हणून भर दुपारी तिला अंगणात बसवायच्या. उष्म्यानं हा त्रास उलट वाढतो, पण ऐकतंय कोण? ती कोसळली की म्हणायच्या, "बघा नाटकं." नवरा असून देवेशभावोजी तेवढ्यात वाडीत निघून जायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दोन वर्षांनी मुंबईत एमआरआय झाला आणि तेच निघालं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आपल्याकडे कमी आढळतो, खरंय. पण कमी म्हणजे नाही, असं नव्हे." तोवर ताईचा डावा डोळा गेला होता, हातात काठी आली होती. मी म्हटलं, जाऊ दे ना ताई. ती कडाडली, "जाऊ दे? ढोंगी म्हणून मरू मी?"

बाईंच्या दवाखान्यात तिला दोघं भेटली, जूचंद्रचा सुमेध आणि वसईची बेला. आजार तोच, आणि विरारच्या त्याच डॉक्टरनं दोघांनाही तेच ऐकवलेलं. ताईचे डोळे चमकले. सासूबाई दर सोमवारी त्याच्याकडे बीपी तपासायला जात, म्हणून हिनं सोमवारच धरला. आम्ही चौघं भरल्या दवाखान्यात जाऊन उभे राहिलो.

डॉक्टर बाहेर आला, तिघांना ओळखलंन् आणि पांढराफटक पडला. "आत या, आत बोलू."

"आत नाही," ताई म्हणाली. "तुमच्या शब्दावर गावानं मला ढोंगी ठरवलं. काय ते इथेच सांगा."

तो पुटपुटला, "चूक झाली माझी. आजार खरा होता."

सासूबाई तोंडाला पदर लावून रडायला लागल्या, "रेवा, पुरे गं, घरी चल." ताईनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"डॉक्टर, पुन्हा म्हणा. मागच्या बाकावर ऐकू गेलं नाही."